डोंगरी सायकलवाटा, खानदेशातील : बांधणी व श्रमदान

डोंगरउतारावर सायकल जाईल अशी अरुंद कच्ची वाट आखणे, खोदणे आणि दर पावसाळ्यानंतर तिची डागडुजी करणे, हे सारे मजुरी न घेता करण्याची रीत. खानदेशात अशी वाट सहसा कोऱ्या उतारावर पडत नाही. गुराखी, मोळीविके, ठेलारी मेंढपाळ आणि यात्रेकरू यांच्या पायांनी मळलेल्या वाटेवरच सायकल येते. त्यामुळे येथे वाट बांधणे म्हणजे बहुतांशी जुन्या वाटेवरचे पाणी वळवणे होय. प्रस्तुत नोंदीत याच अंगाचा विचार अधिक केला आहे.

संज्ञा : ‘श्रमदान’ हा शब्द आज सर्रास वापरला जात असला, तरी तो फार जुना नसावा. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेला सामुदायिक विकास कार्यक्रम आणि भूदान-ग्रामदान चळवळ यांच्या काळात तो गावोगाव पोहोचला, असे मानण्यास जागा आहे. तत्कालीन पश्चिम खानदेशातील अक्राणी महालाचा ग्रामदानाशी संबंध आला तो याच सुमारास. गावकीच्या कामाची पूर्वीची नावे वेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. ‘सावड’ म्हणजे बैल किंवा माणूसबळ यांची शेतकऱ्या-शेतकऱ्यांतील फेड. तिचा हिशेब दोन्ही घरांना पाठ असतो. ‘इर्जिक’ म्हणजे एकाच्या शेतात अनेकांनी औते घेऊन जाणे व काम उरकल्यावर त्याच्याकडे जेवणे. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत ‘लाह’ (उच्चारभेदाने ‘लाहा’) रूढ आहे. घर उभारणे, निंदणी, कापणी अशा कामांना पाडा एकत्र येतो आणि ज्याचे काम तो सर्वांना जेवू घालतो. शेजारच्या झाबुआ भागातील भिल्लांमध्ये ‘हलमा’ आहे. एकट्याला न झेपणाऱ्या कामासाठी सर्वांना हाक द्यायची, असे त्याचे स्वरूप.

श्रमदान हे लाहाचेच आजचे रूप, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार लाह हा परस्परांचा व्यवहार आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. श्रमदानात मात्र परतफेडीची अपेक्षा गृहीत नसते. वाटेच्या कामाला दुसरे मत अधिक लागू पडते, कारण वाट कुणा एका घराची नसते आणि जेवण कोणी घालायचे हेच ठरत नाही. म्हणूनच पहिल्या वर्षी उत्साहाने काढलेली वाट दुसऱ्या वर्षी ओस पडलेली दिसते. वाटेचा धनी कोण, हे ठरल्याशिवाय निगेची पाळी लागत नाही.

ब्रिटिश काळातील घाटरस्ते या परंपरेत बसवू नयेत. चाळीसगाव-कन्नड घाटाला औट्रम घाट असेही म्हणतात. ज्या जेम्स औट्रमवरून हे नाव पडले, त्याने १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटणीची उभारणी हाती घेतली. पलटणीचे ठाणे धरणगावी होते. अशा घाटांच्या मागे सरकारी हुकूम होता. वेठ आणि श्रमदान यांतील फरक कुदळ मारणाऱ्याला चांगला कळतो.

डोंगरी सायकलीचा उगम : याविषयी एकमत नाही. अमेरिकेच्या पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटमधील कृष्णवर्णीय सैनिकांच्या सायकल तुकडीने १८९७ मध्ये मोंटाना राज्यातील मिसूला येथून सेंट लुइसपर्यंत सुमारे ३,००० किमी. प्रवास केला, त्यात डोंगर आणि चिखल दोन्ही होते. १९५० च्या दशकात पॅरिसनजीकच्या काही तरुणांनी साध्या सायकली बदलून कच्च्या वाटांवर चालवल्या. ब्रिटनमध्ये १९५५ साली ‘रफ-स्टफ फेलोशिप’ ही रस्ता सोडून जाणाऱ्यांची संघटना निघाली. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रिपॅक’ ही उताराची शर्यत झाली. उतरताना मागच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि ते दर वेळी पुन्हा भरावे लागे, यावरून हे नाव आले. आधीच्या मंडळींनी रस्त्याच्या सायकली डोंगरात नेल्या; मरीनमधील प्रयोगांतून मात्र वेगळी सायकलच घडली, म्हणून उगमाचा मान मरीनला देणे अधिक सयुक्तिक वाटते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा समावेश झाला.

वाटा बांधणाऱ्या स्वयंसेवकांची कथा निराळी आहे. पादचारी आणि घोडेस्वार यांच्या तक्रारींवरून कॅलिफोर्नियातील वाटा सायकलींना बंद होऊ लागल्या, तेव्हा १९८८ मध्ये तेथील मंडळांनी आंतरराष्ट्रीय डोंगरी सायकल संघटना स्थापन केली. वाट वापरतो तो वाट राखतोही, हे दाखवून देणे त्यांना भाग पडले. खानदेशातील कामाकडे पाहताना हा संदर्भ ध्यानी ठेवावा.

भूप्रदेश : उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे आणि मधून वाहणारी तापी, असा हा मुलूख. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मी. उंचीवर आहे, अस्तंभा शिखर १,३०० मी.हून उंच असून अश्वत्थाम्याच्या दिवाळीतील यात्रेमुळे त्याची वाट दरवर्षी मळते. धुळ्याजवळचे लळिंग, चाळीसगावजवळचे पाटणादेवी आणि यावल-रावेरचा डोंगरपट्टा येथेही पायवाटांचे जुने जाळे आहे. बहुतेक डोंगर बेसाल्टचा. हा खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो व आत गोल गोटे उरतात. उतारावर चाकाखाली येऊन घसरतात ते हेच. धुळे-नंदुरबार भागात पूर्व-पश्चिम पसरलेल्या डाइक खडकांच्या (जमिनीच्या भेगांत शिलारस थिजून झालेल्या) अरुंद भिंती ठिकठिकाणी उभ्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी पडलेले कोनदार तुकडे कोरड्या, म्हणजे चुना-सिमेंटाविना केलेल्या, दगडी रचाईला उत्तम.

बांधणीचे तंत्र : खानदेशाच्या मैदानी पट्ट्यात पाऊस कमी, म्हणून वाट टिकेल, ही समजूत चुकीची आहे. धुळे परिसरात वार्षिक पाऊस साधारण ६०० मिमी.च्या आसपास पडतो. तो थोड्या दिवसांत, जोराच्या सरींनी, आठ महिने तापलेल्या उघड्या बरडावर कोसळतो. सरळ उताराने उतरणारी वाट अशा दोन-तीन पावसांत ओघळ होते. वर्षभरातील सायकलींनी होत नाही तेवढे नुकसान एका दुपारी होते.

यासाठी वाट उताराला आडवी, समपातळी रेषेच्या जवळून न्यावी. सर्वमान्य नियम असा : वाटेचा चढ डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा आणि सरासरी १० टक्क्यांच्या आत असावा. म्हणजे बाजूचा उतार ३० टक्के असला तरी वाटेने एखाद्या तुकड्यातही १५ टक्के ओलांडू नयेत. वाटेचा पृष्ठभाग दरीकडे सुमारे ५ टक्के कललेला ठेवावा आणि दर १०-१५ मीटरवर वाट किंचित खाली उतरून पुन्हा चढावी. त्या खोलगट जागी पाणी वाट सोडते. पृष्ठभाग पूर्णपणे कापलेल्या मूळ जमिनीवर असावा. खोदलेली माती कडेला टाकून तिच्यावरच वाट रुंद केली, तर ती कड पहिल्याच पावसात खचते. मुरूम चांगला दबतो. काळी माती ओली असता फुगते, चाकाला थापली जाते आणि वाळल्यावर भेगाळते. ओल्या काळ्या मातीवर सायकल घालूच नये.

आखणीचे साधन इथल्या गावांना नवे नाही. २०१६ ते २०१९ या काळातील पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत खानदेशातील काही तालुके उतरले होते आणि सलग समतल चर आखताना ए-फ्रेम अनेकांच्या हाती आली. दोन सारख्या काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. वाटेसाठी यात एवढाच बदल : पायांत २ मी. अंतर ठेवून खालच्या बाजूच्या पायाखाली १० सेंमी. उंचीचा ठोकळा बांधायचा. आता दोरी खुणेवर आली की ५ टक्के चढ मिळतो. हात तेच, साधन तेच, हेतू मात्र उलटा. चराने पाणी अडवायचे असते, वाटेने ते सोडायचे असते. चर खणून तरबेज झालेले लोक सवयीने वाटेच्या दरीकडच्या कडेला मातीचा बांध घालतात. मग पाणी वाटेवरच अडकते आणि लांबवर वाहत जाऊन ती फोडते. नवख्या गटाला पहिल्या दिवशी हीच एक गोष्ट समजावून द्यावी.

कामाचा हंगाम : खोदाईला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम, जमिनीत ओल असते आणि दाबलेली माती बसते. घाणेरी व रानतुळस याच वेळी छाटावी. मेअखेरीस उन्हापूर्वीच्या दोन तासांत खोलगट जागांतील गाळ काढावा. मोठी अडचण माणसांची आहे. दिवाळीनंतर सातपुड्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत व पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि ज्यांना दगड बसवता येतो नेमके तेच गावात नसतात. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे हिवाळ्यात होतात. त्यांच्याकडे मनुष्यबळ भरपूर, अनुभव बेताचा.

कायदा व संमती : बराचसा डोंगर वनजमीन आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात विनापरवाना साफसफाई वा खोदाई करता येत नाही. यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट या अभयारण्यांना वन्यजीव अधिनियम, १९७२ लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा ठरतो. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने जंगल राखताना गावाचे नियम आधी केले आणि काम मागाहून. या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. सायकलस्वारांनीही याच क्रमाने जावे. परवानगी वनविभागाची आणि संमती ग्रामसभेची, दोन्ही कुदळ उचलण्यापूर्वी.

रुंदीबाबत : सायकलीला ६० सेंमी. वाट पुरते, म्हणून बाहेरील पुस्तके तेवढीच सांगतात. सातपुड्यात ती अपुरी आहे. चांदसैली घाटात दरड पडून रस्ता बंद झाला की आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून याच वाटांनी उतरवावे लागते. झोळी खांद्यावर असता पुढच्याने वळण घेतले, तरी मागचा अजून सरळ वाटेवर असतो आणि मधला बांबू दरीवर येतो. म्हणून वळणाची जागा सायकलीच्या हिशेबाने न सोडता बांबूच्या लांबीएवढी सोडावी, आणि दरीकडची कड कोरड्या दगडी रचाईने पक्की करावी.