फळ्यांच्या आत काय? बल्कहेड की फ्रेम

बोहरी आळीत अर्ध्या इंचाचे बारीक खिळे शोधत होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन. "मामा, फसलो. डब्यावर 'प्लँक ऑन फ्रेम' लिहिलंय आणि आत नुसते प्लायवुडचे तुकडे निघाले." फोटो मागवला. तसा फसला नव्हता. घरी जोडायच्या लाकडी मॉडेल जहाजांच्या किटवर 'फ्रेम' हा शब्द फार सैलपणे छापतात. त्याच्या डब्यात होतं ते 'प्लँक ऑन बल्कहेड', आणि पहिल्या जहाजाला तेच बरं.

दोन्हींत सांगाड्यावर फळ्या ठोकायच्या असतात आणि जहाज पुरं झालं की बाहेरून काही कळत नाही. म्हणून घोळ होतो.

बल्कहेडच्या किटमध्ये दुधीच्या चकत्या कराव्यात तसं जहाज आडवं कापलेलं असतं. एक चकती म्हणजे प्लायवुडचा एक अख्खा तुकडा, मधोमध खाच. लांब प्लायवुडच्या कण्यावर या चकत्या अंतरा-अंतराने बसवल्या की जहाजाचा आकार उभा राहतो. छोट्या जहाजाला दहा-बारा पुरतात. खऱ्या जहाजात बल्कहेड म्हणजे आतली आडवी भिंत, तिचा आणि या चकतीचा संबंध फक्त नावापुरता.

फ्रेम म्हणजे खरी फासळी. जहाजाच्या पोटाएवढी वळलेली फांदी कुठल्या झाडाला मिळणार? सरळ पाटातून तसं वळण कापलं, तर लाकडाच्या रेषा वळणावर आडव्या तुटतात आणि फासळी तिथेच मोडते. म्हणून जहाजाचे सुतार एकेक फासळी अनेक तुकड्यांतून, दोन पदरांत जोडत. गवंडी विटांचे उभे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसे तेही सांधे चुकवत. अशाच फासळ्यांवर मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली, ती आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. प्लायवुडमध्ये पदरांच्या रेषा आलटून-पालटून आडव्या-उभ्या असतात, म्हणून किटमधली चकती एकाच तुकड्याची चालते.

खऱ्या फ्रेमच्या मॉडेलमध्ये अशा कितीतरी फासळ्या नकाशावर ठेवून जोडायच्या, मग साच्यात काटकोनात उभ्या करायच्या. एवढी मेहनत केल्यावर ती झाकायची कशाला? म्हणून बरेच जण खालच्या फळ्या मुद्दाम लावत नाहीत. ब्रिटिश आरमाराच्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या जुन्या मॉडेलांतही फासळ्या अशाच उघड्या दिसतात. तेव्हा खरेदी करताना डब्यावरचं नाव सोडा आणि आतल्या मालाचा फोटो बघा. लेझरने कापलेली मोठमोठी चकतीदार प्लायवुडची पानं दिसली की बल्कहेड, लाकडाचे ढीगभर छोटे वाकडे तुकडे दिसले की फ्रेम.

बल्कहेडची खोड अशी की दोन चकत्यांमध्ये फळीला आधार नसतो. अंतर जास्त असलं की फळी तिथे आत बसते आणि जहाज उपाशी गाईसारखं दिसतं, बरगड्या मोजून घ्या. यावर उपाय म्हणजे पुढच्या टोकाला, जिथे वळण कडक असतं, तिथे चकत्यांमध्ये बाल्साचे, म्हणजे हलक्या मऊ लाकडाचे, ठोकळे चिकटवून ते घासून आकारात आणायचे. दुसरं म्हणजे चकत्यांच्या कडा. त्या सरळ कापलेल्या येतात, फळी मात्र तिरकी जाते. लांब पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून एका वेळी तीन-चार चकत्यांवरून फिरवायची, म्हणजे फळी कडेवर नुसती टेकत नाही, नीट बसते. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केलेली पुढे कुठलीच लांबी-पुट्टी झाकत नाही. बऱ्याच किटमध्ये फळ्यांचे दोन थर असतात, खाली दीड मिलिमीटरचा साध्या लाकडाचा आणि वर अक्रोडाचा पातळ. त्यामुळे थोडं पाप पोटात जातं, सगळं नाही.

माझ्या पहिल्या जहाजाच्या वेळी मी उत्साहात उजवी बाजू एका रविवारी पूर्ण लावून टाकली. वाकवलेल्या फळ्यांनी कणा आपल्याकडे ओढला आणि सांगाडा केळ्यासारखा झाला. एक फळी उजवीकडे, एक डावीकडे, असंच जावं लागतं. ते जहाज अजून कपाटावर आहे. भाच्याने ते समोरून बघितलं आणि विचारलं, "मामा, हे वळतंय का?"

"हो," म्हटलं, "डावीकडे खडक आहे."