प्रेम हिंदीत, संसार वऱ्हाडीत

सीपी अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, हा प्रांत नकाशावरून पुसला गेला त्याला सत्तरहून जास्त वर्षं झाली. १९५० मध्ये त्याचा मध्य प्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. सिनेमाच्या धंद्याला मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही. हिंदी सिनेमाची कमाई मोजणाऱ्यांच्या तक्त्यात आजही ‘सीपी बेरार’ असा वेगळा रकाना असतो. विदर्भ आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडचा काही मुलूख मिळून हे सिनेमा-वितरणाचं एक सर्किट, आणि अमरावती हे त्याचं जुनं ठाणं. सिनेमाच्या पेट्या तिथल्या वितरकांकडून तालुक्याला जायच्या आणि तालुक्याहून जत्रेतल्या तंबूत.

आमच्या गावात प्रेम हिंदीत का होतं, हे सांगायचं तर सुरुवात या रकान्यापासून करावी लागते.

गाव अमरावती जिल्ह्यातलं, कापसाचं. घरात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात आणि एसटी स्टँडवर अर्धी हिंदी. जुन्या प्रांताचा कारभार मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत चाले, त्यामुळे हिंदी इथे परकी कधीच नव्हती. पण ती व्यवहाराची होती. बैलाच्या सौद्यात, फेरीवाल्याशी, मध्य प्रदेशातल्या पाहुण्याशी बोलायची. ती काळजापर्यंत नेली सिनेमानं.

त्याआधी काय होतं? पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. गावोगावचे पाहुणे येतात, दंडार हा लोकनाट्याचा खेळ होतो, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्रभर चालणारी नाटकं. वडसा म्हणजे देसाईगंज हे या झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथे एकमेकांना खेटून आहेत. नाटक हे निमित्त. लग्नाची पोरगी-पोरगा पाहुण्यांच्या नजरेखालून तिथेच जातात आणि सोयरिकीचा शब्द तिथेच पडतो. तो शब्द टाकतात मामा, काका, गावचा एखादा वयस्क माणूस. ज्यांचं लग्न त्यांनी बोलायचा प्रश्नच येत नसे. आमच्याकडे वऱ्हाडातही बहिरमच्या यात्रेत, शेगावच्या वारीत, कुणाच्या तेरवीत असंच व्हायचं.

त्यामुळे झालं असं, की एका तरुण माणसानं दुसऱ्या तरुण माणसाला मनातलं सांगायची वाक्यं आमच्या बोलीत तयारच झाली नाहीत. बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांत माया अपार, पण ती भावासाठी, माहेरासाठी. ‘तू मले आवडतं’ हे वाक्य व्याकरणानं बिनचूक आहे. मी ते आजवर कुणाच्या तोंडून गंभीरपणे ऐकलेलं नाही. म्हणणारा आणि ऐकणारी दोघंही हसतील.

ही रिकामी जागा भरायला हिंदी सिनेमा आला. महिना महिना चालणाऱ्या यात्रांत टुरिंग टॉकीजचे तंबू लागत. प्रोजेक्टर एकच, म्हणून रीळ बदलताना दर थोड्या वेळानं अंधार, शिट्ट्या, पोरांची रडारड. बाया एका बाजूला, बापे दुसऱ्या बाजूला, मध्ये कनात. नवराबायको एकच सिनेमा दोन बाजूंनी बघून घरी येत आणि वाटेत त्यावर एक अक्षर बोलत नसत, असं माझी आजी सांगायची. पुण्या-कोल्हापूरकडचे मराठी चित्रपटही यायचे. पण त्यातली पाटलाची पोरगी जी मराठी बोलायची, ती आम्हाला हिंदीइतकीच लांबची वाटे. मग हिंदीच बरी, निदान ती सगळ्यांनाच सारखी लांब.

१९७५ साल मात्र वेगळं. त्या वर्षी ‘जय संतोषी माँ’ आला आणि देशभर लोक चपला काढून थिएटरात शिरले, पडद्यावर फुलं आणि नाणी टाकू लागले. आमच्या घरात शुक्रवार शिरला तो याच वाटेनं. आईनं सोळा शुक्रवार केले. आंबट खायचं नाही, म्हणजे कढी बंद, चिंच बंद, आणि वडिलांची कटकट सुरू. तिच्या आईनं हे व्रत कधी केलं नव्हतं. आरतीही हिंदी. म्हणजे भक्तीसुद्धा त्याच रकान्यातून आली म्हणायची.

ऐंशीच्या दशकात ‘व्हिडिओ’ आला. व्हिडिओ म्हणजे टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, सगळं भाड्यानं. पोळा, गणपती, कुणाचं बारसं, कारण काहीही चाले. घरटी वर्गणी, ती दिली नाही तरी कुणी उठवत नसे. सामान तालुक्याहून शेवटच्या एसटीच्या टपावर यायचं. पहिला सिनेमा देवाचा, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा मारामारीचा. तिसरा रात्री दोननंतर लागायचा, आणि तो खरा प्रेमाचा. तोवर म्हातारे घोरत असत. गावातल्या पोरापोरींनी एका अंगणात, एका अंधारात, कनातीशिवाय बसून काही बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा.

तालुक्याच्या कॉलेजात शिकताना मी दोस्तांना पत्रं लिहून द्यायचो. अक्षर बरं होतं, एवढीच पात्रता. त्यातल्या एका पत्राची सुरुवात मला अजून पाठ आहे: ‘पत्र लिहिण्यास कारण की’. शाळेत पत्रलेखन तेवढंच शिकवलं होतं. दुसऱ्या ओळीपासून मात्र हिंदी, कारण ते ‘कारण’ सांगायची वेळ आली की मराठी संपायची. मग एखादा शेर, त्याखाली बाण घुसलेलं हृदय, आणि शेवटी पुन्हा मराठीत ‘आपला आज्ञाधारक’. पोरगी हुशार होती. तिनं पत्र परत केलं, त्यावर लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ तपासून. पुढे त्या दोघांचं लग्न झालं. घरी ते एकमेकांशी शुद्ध वऱ्हाडीत भांडतात.

टीव्ही आमच्याकडे उशिरा आला. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून २४०० गावांत टीव्ही दाखवायचा ‘साइट’ हा मोठा प्रयोग झाला, त्यात मध्य प्रदेश होता, आंध्र होता, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आमच्या दोन्ही बाजूंच्या राज्यांत टीव्ही बोलू लागला आणि आम्ही मध्ये रेडिओ ऐकत बसलो. ऐंशीच्या दशकात नागपूरला दूरदर्शनचं केंद्र झालं, तेव्हा कुठे एखाद्या मास्तरांच्या घरावर अँटेना दिसू लागली. जुलै १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झालं. कुटुंब लहान ठेवा, पोरींना शिकवा, हे मालिकेतून गळी उतरवायचं असा त्यामागे सरकारी बेत होता. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार समजावून सांगायचे. ते लहानाचे मोठे झाले खंडव्यात, म्हणजे आमच्या जुन्या प्रांतातच. तेव्हा अकोल्याहून थेट छोट्या रेल्वेनं जाता यायचं असं गाव. प्रेक्षकांनी या मालिकेला चार लाखांवर पत्रं पाठवली. घरची भांडणं, नवऱ्याची दारू, असल्या गोष्टींवर अनोळखी माणसाला पत्र लिहायचं ही कल्पनाच नवी होती.

२५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी मास्तरांच्या ओसरीवर अर्धं गाव. टीव्हीला हार. त्याचा घरावर झालेला परिणाम फार थोर नव्हता, पण गमतीचा होता: आमच्या पिढीनं वर्षभर मायला ‘माताश्री’ आणि बापाला ‘पिताश्री’ म्हटलं. बाप म्हणे, ‘पिताश्रीच्या लेका, ढोरं सोडली काय?’

‘माय’ हा शब्द खरा गेला तो पुढे. ऑगस्ट १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई-टीव्ही मराठी आली आणि मराठी बोलणारी माणसं रोज रात्री घरात येऊ लागली. आनंदच झाला. पण ती मराठी पुण्या-मुंबईची. त्यात वऱ्हाडी बोलणारा माणूस असायचा तो गडी, शिपाई किंवा विनोदापुरता. हिंदी सिनेमानं आम्हाला कधी लाजवलं नव्हतं, कारण त्याच्याशी आमची तुलनाच नव्हती. मराठी मालिकेनं लाजवलं. ‘काहून’ म्हणणारी पोरं ‘का बरं’ म्हणू लागली. नव्या सुना सासूला ‘आई’ म्हणू लागल्या आणि स्वतःच्या मायला ‘मम्मी’. मधल्या मध्ये माय गेली. लग्नाच्या बोलण्यात ‘पोरगी चांगली बोलते’ याचा अर्थ बदलला. आधी त्याचा अर्थ होता गोड बोलते, नंतर झाला मालिकेसारखी बोलते. २०१६ मध्ये ‘माझ्या नवऱ्याची बायको’त नागपूरकडची राधिका आली. तिचं बोलणं, तिचं वागणं नवऱ्याला गावंढळ वाटतं आणि तो दुसरीकडे जातो, पुढे ती स्वतःच्या धंद्यावर उभी राहते. आमच्या बायांनी ती मालिका कशी बघितली असेल, याचा अंदाज करा. चेष्टेसाठी नसलेली वऱ्हाडी टीव्हीवर रोज, मुख्य बाईच्या तोंडी!

तरी मालिकेनं बाया बिघडल्या, हे पारावरचं मत मला पटत नाही. पारावर बसणाऱ्यांनी रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास वाचलेला नाही. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बिहार, हरियाणा, तामिळनाडू, गोवा आणि दिल्लीकडच्या घरांची त्यांनी पाहणी केली. केबल आल्यावर ‘नवऱ्यानं मारलं तर चालतं’ म्हणणाऱ्या बाया कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, बाळंतपणंही कमी झाली, असं त्यांना दिसलं. यात विदर्भ नाही. पण आता शेतकऱ्याच्या पोराला कुणी पोरगी देत नाही याचं खापर मालिकांवर फोडणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की त्या पोरींच्या मायांनी कापूस वेचलाय. भाव काय मिळतो, कर्ज कसं फिटत नाही हे त्यांना कुठल्या सासूबाईनं टीव्हीवरून सांगायची गरज नव्हती.

वेचणीवरून आठवलं. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची. संध्याकाळी सातला वीज गेली की मालिका बुडाली. मग दुसऱ्या दिवशी वावरात, ओटीत कापूस भरता भरता, जिच्या घरी वीज होती ती बाई इतरांना कालचा भाग सांगायची. मी धुऱ्यावर उभा राहून ऐकलंय: ‘मंग तिनं सासूले म्हटलं, मी काई तुमची मोलकरीण नाई. सासू काई बोल्लीच नाई वं, नुसती पाहे.’ पुण्याच्या बंगल्यातली सून आमच्या वावरात असं बोलायची. मूळ संवाद यापेक्षा मिळमिळीत असणार, याची मला खात्री आहे.

नावांचं म्हणाल तर जरा जपून बोललेलं बरं. ब्राझीलमध्ये मालिकांतल्या पात्रांची नावं पोरांना ठेवली गेली, हे संशोधकांनी दाखवून दिलंय. आपल्याकडेही ‘राहुल’ पाहिला की लोक सिनेमाकडे बोट दाखवतात. विदर्भात ते चुकतं. राहुल हा बुद्धाचा मुलगा. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर राहुल, सिद्धार्थ, गौतम ही नावं इथल्या घराघरांत आली, पडद्यावर राहुल नावाच्या नायकांची रांग लागायच्या कितीतरी आधी.

लग्नं मात्र पुरती पडद्यानं गिळली. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, आता केक असतो. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, त्याऐवजी मेहुण्या बूट पळवतात, आणि बूट पळवताना गाणं वाजतं ते १९९४ सालचं हिंदी. करवा चौथ अजून गावात पोचलेली नाही, पण तालुक्याला आहे.

स्वस्त डेटा २०१६ नंतर आला आणि वऱ्हाडी परत आली, मोबाईलवर. रील्स बघा, निम्मी वऱ्हाडी. त्याआधी अमरावतीकडच्या भारत गणेशपुऱ्यांनी ‘चला हवा येऊ द्या’तून ही बोली महाराष्ट्राच्या घराघरांत नेलीच होती. पण बहुतेक सगळं हसवणारं. वऱ्हाडीत रडणारं, विनवणारं रील मी शोधतो आहे.

मागच्या हिवाळ्यात भाच्याचं प्री-वेडिंग शूटिंग चिखलदऱ्याला होतं, मी गाडी चालवायला. पॉइंटवर धुकं, नवरीचा लाल गाऊन मागे दहा हात पसरलेला, मोबाईलवर हिंदी गाणं. भाचा गुडघ्यावर बसून ओठ हलवत होता, अगदी जमत होतं त्याला. कॅमेरावाला म्हणाला, गाणं बंद करतो, आता आपल्या शब्दांत काही बोला दोघं, नंतर जोडू. भाचा गप्प. नवरी गप्प. मग ती खाली वाकून म्हणाली, ‘ऊठ नं आता, थंड हाये जमीन.’

कॅमेरावाल्यानं ते काढून टाकलं.