हँगरच्या बदल्यात उड्डाणाचे तास: एका जुन्या व्यवहाराची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या लहान विमानतळांवर एक व्यवहार चालतो, त्याची पावती सहसा कोणी फाडत नाही. एकाकडे विमान असतं, पण ते ठेवायला छप्पर नसतं. दुसऱ्याने विमान कधीच विकलेलं असतं, हँगर मात्र सोडवत नाही. तिसऱ्याचा हात इंजिनावर बसलेला असतो, पण भाड्याने विमान उडवण्याइतके पैसे खिशात नसतात. आपल्याकडच्या सावडीसारखं तिघांचं जमून जातं, आणि हिशोब राहतो विमानाच्या मीटरवरच्या तासांत. हा व्यवहार नियमांच्या आधीपासूनचा आहे. नियम मागाहून आले, तेही भलत्याच कारणासाठी, आणि आजचा बराचसा गोंधळ त्यातूनच निघतो.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात. पहिल्या महायुद्धानंतर 'जेनी' जातीची शिकाऊ विमानं मोडीच्या भावात विकली गेली आणि गावोगाव फिरून कसरती दाखवणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली. अटलांटिक एकट्याने ओलांडून पुढे जगप्रसिद्ध झालेला चार्ल्स लिंडबर्ग १९२२ मध्ये नेब्रास्कात उड्डाण शिकत होता. विमानाचं नुकसान झालंच तर म्हणून ठेवायची अनामत त्याच्याकडे नव्हती, त्यामुळे त्याला एकट्याने उडू दिलं नाही. मग तो फिरत्या वैमानिकांबरोबर पंखांवर चालण्याची, हवाई छत्रीने उडी मारण्याची आणि मेकॅनिकची कामं करत राहिला. १९२६ च्या कायद्याने वैमानिक, मेकॅनिक आणि विमान या तिघांनाही सरकारी परवाने आले. तिसाच्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावी बनणारं पिवळं पायपर कब स्वस्त होतं, तरी शिकणाऱ्या पोरांना परवडेलच असं नव्हतं. विमान धुणं, पेट्रोल भरणं, हँगर झाडणं आणि त्याबदल्यात थोडं उडायला मिळणं, ही रीत तेव्हा अंगवळणी पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, त्यात उड्डाणाचं शिक्षणही होतं. शिकायला येणाऱ्यांच्या फीची सोय परस्पर झाल्यावर अदलाबदलीची निकड कमी झाली.

ती पुन्हा आली १९७८ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे १७,८०० लहान विमानं तयार झाली. १९९४ मध्ये तो आकडा हजाराच्याही खाली, ९२८ वर आला. मंदी, महाग पेट्रोल आणि मुख्य म्हणजे नुकसानभरपाईचे दावे. वीस-तीस वर्षांपूर्वी विकलेलं विमान पडलं तरी खटला कारखान्यावर. सर्वांत मोठ्या कारखान्याने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची विमानं बनवणंच थांबवलं. १९९४ च्या कायद्याने कारखान्याची जबाबदारी अठरा वर्षांवर बांधून दिली, तेव्हा कुठे दोन-तीन वर्षांत उत्पादन परत सुरू झालं, पण नव्या विमानाची किंमत तोवर सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेली होती. मागे उरली ती जुनी विमानं. आज ती चाळीस-पन्नास वर्षांची आहेत. विमान एक वेळ स्वस्तात मिळतं, सांभाळणं महाग पडतं. म्हणून ज्याच्या हाताला काम येतं आणि ज्याच्याकडे छप्पर आहे, त्यांचा भाव वधारला.

हे काम नेमकं काय असतं, ते वार्षिक तपासणीच्या दिवशी दिसतं. काउलिंग म्हणजे इंजिनावरचं झाकण उतरवायचं, पंखांखालची आणि शेपटीकडची पाहणीची झाकणं एकेक स्क्रू काढून उघडायची, कुठला स्क्रू कुठला ते ट्रेमध्ये ओळीने लावून ठेवायचं. चाकांची बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरायचं. चार सिलिंडरच्या इंजिनाला आठ स्पार्क प्लग. त्यातल्या खालच्या चारांत शिशाच्या पेट्रोलाचे खडे अडकलेले असतात, ते टोकदार हत्याराने कोरून काढायचे. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंडांच्या दाबाची हवा सोडून किती टिकते ते पाहायचं. शेवटची नजर आणि सही तपासणीचा अधिकार असलेल्या मेकॅनिकचीच. परंतु उघडझाक आणि साफसफाई त्याच्या देखरेखीखाली दुसऱ्याने केलेली चालते, आणि दिवसाचा बहुतांश वेळ त्यातच जातो. मेकॅनिकचा परवाना हवा असणाऱ्याला तर यात दुहेरी फायदा. एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि इंजिन या दोन्हींच्या परीक्षेला बसायला प्रत्यक्ष कामाचा तीस महिन्यांचा अनुभव लागतो, तोही इथे जमा होतो.

आता मूळ तिढा. खाजगी वैमानिकाने, म्हणजे व्यावसायिक परवाना नसलेल्याने, मोबदला घेऊन विमान चालवायचं नाही, हा नियम प्रवाशांच्या रक्षणासाठी आला. पैसे देऊन बसणाऱ्याला व्यावसायिक परवान्याचा वैमानिक मिळाला पाहिजे, इतकी साधी गोष्ट. पण मोबदला म्हणजे काय, याचा अर्थ नियामकाने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक खात्याने, हळूहळू ताणत नेला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका अपिलानंतर पुढे धंदा मिळेल या आशेने जपलेली सदिच्छासुद्धा मोबदल्यात धरली गेली. आणि फुकट मिळालेले उड्डाणाचे तास हाच मोबदला, ही भूमिका कायदेशीर खुलाशांमधून वारंवार मांडली गेली.

याचा परिणाम विचित्र आहे. शनिवारी मेकॅनिकने ब्रेक बदलले आणि मालक म्हणाला, 'दोन तास उडवून ये, माझ्याकडून.' हे चालतं. मजुरी मेकॅनिकच्या कामाची आहे, उड्डाण त्याचं स्वतःचं आहे. सोमवारी तोच मालक म्हणाला, 'विमान जरा शेजारच्या गावी रेडिओच्या दुकानात पोचवून ये, पेट्रोल माझं.' तेच विमान, तोच माणूस, तेच दोन तास, पण आता तो मालकाचं काम उडून करतोय आणि फुकटचे तास ही त्या उडण्याची मजुरी झाली. खाजगी परवान्यावर हे बसत नाही. त्यात आणखी एक पोटनियम आहे: नोकरीधंद्याच्या ओघात, प्रवासी किंवा माल भाड्याने न नेता, आनुषंगिक म्हणून केलेलं उड्डाण चालतं. म्हणजे दुरुस्तीनंतर मेकॅनिकने खाजगी परवान्यावर केलेली चाचणी बहुधा चालते. मग चाचणी करत करतच विमान शेजारच्या गावी नेलं तर? विमानतळावरच्या बाकड्यांवर या प्रश्नावर दुपारच्या दुपारी गेल्या आहेत. 'लॉगबुकात (तासांच्या नोंदवहीत) लिहू नकोस म्हणजे झालं' हा तिथला ठरलेला सल्ला. तो कच्चा आहे, कारण तास लिहिले नाहीत तरी पेट्रोल दुसऱ्यानेच भरलेलं असतं. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, ओढून नेणाऱ्या खाजगी वैमानिकाला मात्र नियमातच वेगळी सूट आहे. इथे मोबदल्याची तीच व्याख्या तितकी आडवी का येत नाही, याचं समाधानकारक उत्तर निदान माझ्या वाचनात नाही.

नियामकाची बाजूही पोकळ नाही. तासांसाठी भुकेलेली पोरं फुकटात कोणाचंही काम उडून करतील आणि व्यावसायिक परवान्याला अर्थ उरणार नाही, ही भीती खरी होती. २०१३ पासून तर ती वाढलीच. २००९ च्या एका प्रादेशिक विमानाच्या अपघातानंतर आलेल्या कायद्यामुळे एअरलाइनच्या सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांची अट लागली. व्यावसायिक परवाना २५० तासांवर मिळतो, मधले साडेबाराशे कुठून आणायचे? त्या दिवसापासून तास हेच चलन झालं. तरीही प्रवासीच नसलेल्या दोन शेजाऱ्यांच्या देवघेवीवर प्रवाशांसाठीचा नियम लावणं हे मला अतीच वाटतं.

सभासदांनी मिळून विमान ठेवणाऱ्या फ्लाइंग क्लबांना यातून आधीपासून वाट होती. सरकारी अनुदान घेतलेल्या विमानतळांच्या नियमपुस्तिकेत क्लबच्या सभासद मेकॅनिकला वर्गणीत किंवा उड्डाणाच्या तासांत सवलत द्यायला स्पष्ट मुभा होती. रोख पैशांवर मात्र बंधनं होती, ती २०१६ मध्ये सैल झाली. म्हणजे क्लबाच्या चौकटीत जे राजरोस चालत आलं, तेच दोन व्यक्तींनी परस्पर केलं की शंका सुरू.

करखात्याने आपला निकाल १९७९ मध्येच लावला होता. त्या निर्णयातलं उदाहरण हँगरवाल्यांना चपखल बसतं: चित्रकाराने चित्र दिलं, घरमालकाने सहा महिने घर बिनभाड्याने वापरू दिलं, दोघांचंही ते उत्पन्न, बाजारभावाने. घराच्या जागी हँगर आणि चित्राच्या जागी तास ठेवा. विवरणपत्रात हे किती जण दाखवतात, ते न विचारलेलं बरं.

हँगरची गोष्ट अलीकडे आणखी आवळली. मोटारी, बोटी, घरातलं अडगळ सामान यांनी हँगर भरल्याच्या तक्रारी झाल्या. सरकारी पैसा घेतलेल्या विमानतळावर हँगर मुख्यतः विमानासाठीच वापरायचं, हे धोरण १ जुलै २०१७ पासून लागू झालं. विमान विकून बसलेल्या भाडेकरूला त्यामुळे कोणाचं तरी विमान आत हवंच झालं. पण पोटभाडेकरू ठेवायला विमानतळाची परवानगी लागते, आणि तासांच्या बदल्यात दिलेली जागा हे पोटभाडं की पाहुणचार, यावर करारनाम्यात बहुधा काहीच नसतं. विमा कंपनीचं तसं नाही. मालकाच्या पॉलिसीत मोबदला घेऊन विमान वापरायला देणं बसत नसेल, तर अपघातानंतर हाच प्रश्न पहिला निघतो. मालकाला भरपाई देऊन कंपनी ती रक्कम उडवणाऱ्याकडून वसूल करायलाही येऊ शकते, म्हणून जाणते लोक पॉलिसीत आपलं नाव घालून घेतात आणि स्वतःचा वेगळा विमाही काढतात.

पुण्या-मुंबईहून व्यावसायिक परवान्यासाठी तिकडे जाणाऱ्या मुलांना ही रीत पाहून मोह होतो. त्यांच्यासाठी ती जवळपास बंदच आहे. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि पैशांऐवजी तास घेतले म्हणून ते काम नव्हतं असं इमिग्रेशनवाले मानत नाहीत. हँगर झाडून मिळालेले तास लॉगबुकात गेले, तर ते काम केल्याचा लेखी पुरावा ठरू शकतात.