लाल मणी सरकला तर

दर पावसाळ्यात मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या येतात आणि पाठोपाठ मागणी येते: तिथे बालरोगतज्ज्ञ पाठवा. मागणी चुकीची नाही. पण तिच्या पोटात एक समजूत दडलेली असते, की न्यूमोनियासारखा आजार ओळखायला स्टेथोस्कोप, एक्स-रे आणि निदान एक एमबीबीएस तरी लागतोच. मध्यंतरी एका चांगल्या शिकलेल्या गृहस्थांना मी सांगितलं, की गडचिरोलीच्या खेड्यांत निरक्षर दायांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं आणि मुलं वाचली. ते म्हणाले, "म्हणजे वैदूगिरीच की!" हा लेख त्या गृहस्थांसाठी.

तान्ह्या बाळाला बरं नसलं की घरातली आजी म्हणते, "पोट उडतंय बघ त्याचं." आजीने हे म्हटलं तेव्हा तिने अर्धं निदान केलेलं असतं. उरलेलं अर्धं म्हणजे फक्त एक आकडा: मिनिटाला श्वास किती?

श्वासाचा वेग आणि न्यूमोनिया यांचा संबंध काय, हे जरा निवांत पाहू, कारण या सगळ्या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता भाग तोच आहे. न्यूमोनियात फुफ्फुसातल्या वायुकोशांत पू आणि पाणी साचतं. रक्ताला प्राणवायू कमी पडतो, म्हणून बाळ भराभर श्वास घेतं, असं आपण शाळेतल्या ज्ञानावर सांगून मोकळे होतो. ते खरं आहे, पण अपुरं. प्राणवायू कमी पडला तर बाळाने खोल श्वास का घेऊ नयेत? ते उथळ आणि जलदच श्वास का घेतं?

उत्तर आहे काटकसरीत. पाणी भरलेलं फुफ्फुस ताठर होतं. नवा कोरा फुगा फुगवताना गाल दुखतात, तसं. स्प्रिंग दुप्पट ताणायची तर ऊर्जा चौपट लागते, हे आपण शिकलेलो आहोत. फुफ्फुसही थोडंफार स्प्रिंगसारखंच वागतं. म्हणजे खोल श्वास भलताच महाग. मग उथळच घ्यावेत की! पण तिथे दुसरी अडचण आहे. नाकापासून श्वासनलिकांच्या टोकापर्यंतच्या वाटेत जी हवा अडकते, तिचा रक्ताला काही उपयोग नसतो आणि हा वाटखर्च प्रत्येक श्वासाला नव्याने भरावा लागतो.

आकडे घालून बघू. समजा पाच किलोचं बाळ आहे, एका श्वासात ३५ मिलिलिटर हवा घेतं आणि मिनिटाला ४० श्वास. वाटखर्च १० मिलिलिटर धरला तर प्रत्येक श्वासाला २५ मिलिलिटर वायुकोशांत पोचते, मिनिटाला १,०००. आता श्वास ६० केले, तर तेवढ्याच १,००० साठी दर श्वासाला कोशांत १७ पोचली तरी पुरतं. वाटखर्च मिळवून २७. ताणण्याचा खर्च श्वासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून पहिल्या पद्धतीत ३५ गुणिले ३५ गुणिले ४०, म्हणजे ४९,०००. दुसऱ्या पद्धतीत २७ गुणिले २७ गुणिले ६०, म्हणजे ४३,७४०. बचत साधारण दहा टक्क्यांची. पण एकूण हवा मात्र १,४०० ऐवजी १,६२० मिलिलिटर ओढावी लागली, आणि नळ्यांतून हवा ओढण्यातही घर्षणाचा खर्च आहेच. निरोगी फुफ्फुसात ही बचत त्या घर्षणात जिरून जाते, म्हणून बाळ सावकाश श्वास घेतं. फुफ्फुस दुप्पट ताठर झालं की ताणण्याचा खर्च दुप्पट होतो, घर्षणाचा फारसा बदलत नाही, आणि तराजू जलद श्वासाकडे झुकतो. प्रौढांच्या श्वसनाचा असा जमाखर्च ओटिस, फेन आणि रान या शरीरशास्त्रज्ञांनी १९५० साली रीतसर मांडला होता. बाळ अर्थातच गणित करत नाही. फुफ्फुसातल्या मज्जातंतूंची टोकं ताण आणि सूज यांची खबर मेंदूच्या देठाकडे पाठवतात आणि लय तिथे ठरते.

(वर्ग, गुणाकार डोक्यावरून गेले असतील तर सोडून द्या. फुफ्फुस जितकं ताठर, तितका श्वास जलद, एवढं धरून पुढे चला.)

ताठरपणा आणखी वाढला की दुसरी खूण दिसते. बाळाच्या बरगड्या मऊ असतात. खालून श्वासपटल जोर लावतं, फुफ्फुस फुगायला तयार नसतं, मग छातीचा खालचा भागच आत ओढला जातो. हे दिसलं की गावात थांबायचं नाही, रुग्णालय गाठायचं.

फ्रँक शान हे ऑस्ट्रेलियन बालरोगतज्ज्ञ पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका इथे काम करत होते. एक्स-रे सहज मिळेल असा तो मुलूख नव्हे. खोकणाऱ्या मुलांपैकी प्रतिजैविक कुणाला द्यायचं, हे ठरवायला श्वासाचा वेग उपयोगी पडतो, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं. स्टेथोस्कोपमधले बारीक आवाज दोन डॉक्टरांना दोन तऱ्हेचे ऐकू येतात. श्वास मोजण्यात मतभेदाला जागा कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा आज अशा आहेत: दोन महिन्यांखालच्या बाळाला ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. खोकणाऱ्या किंवा श्वासाला त्रास होणाऱ्या मुलाचे श्वास तितके किंवा त्याहून जास्त भरले, तर न्यूमोनिया धरून चालायचं. दोन महिन्यांखालच्या बाळात तर हे गंभीर संसर्गाचं लक्षण मानतात.

आता प्रश्न मोजण्याचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत १९८०च्या दशकाअखेर ज्या दायांना शिकवायला घेतलं, त्यांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. यावर जी युक्ती निघाली ती मला कुठल्याही महागड्या यंत्राहून सुंदर वाटते. एका पाटीवर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ओळीतला शेवटचा मणी लाल. दोन महिन्यांखालच्या बाळाच्या ओळीत सहावा, त्याहून मोठ्या सगळ्या मुलांच्या ओळीत पाचवा (एक वर्षावरच्यांसाठी ४० ची वेगळी ओळ या पाटीत नव्हती). वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की काम झालं.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर? तर एका श्वासाची चूक चारची होते. शिवाय नवजात बाळ भराभर श्वास घेतं, मध्येच काही सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. ते अगदी निरोगी असलं तरीही. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं, बाळ शांत असताना, झबलं वर करून. नवजात बाळाचा आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजायचं.

गडचिरोलीतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. उपचार झालेल्या ६१२ न्यूमोनियाग्रस्त मुलांपैकी दगावली ०.८ टक्के. दाई, गावातले आरोग्यसेवक आणि पगारी निमवैद्यकीय कर्मचारी यांच्या हातच्या यशात फरक आढळला नाही. औषध साधं होतं: को-ट्रायमॉक्सॅझोल. आता त्याजागी अमॉक्सिसिलिन वापरतात.

न्यूमोनियाचा बंदोबस्त झाल्यावर 'सर्च'चं लक्ष बाळाच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांकडे गेलं. ३९ गावांत गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांना ऊब देणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, हे सगळं केलं. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून १९९७-९८ पर्यंत २५ च्या आसपास आला. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत तो साठच्या जवळपासच राहिला. ही तुलना नसती, तर 'रस्ते झाले, पाऊस बरा झाला' असं म्हणायला कुणीही मोकळा होता.

मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. चटके दिल्यावर काही बाळं बरी होतात, कारण ती एरवीही झालीच असती. आणि श्रेय विळ्याला जातं. याला अघोरी म्हणायला शहरातल्या माणसाला वेळ लागत नाही. पण साध्या सर्दीला प्रतिजैविक मागणारा आणि ते लिहून देणारा, दोघेही त्याच चुकीच्या तर्काने चालतात. जलद श्वासाची कसोटीही निर्दोष नाहीच. विषाणूंमुळे किंवा दम्यासारख्या त्रासानेही श्वास वाढतो, त्यामुळे काही मुलांना औषध विनाकारण मिळतं. जिथे रुग्णालय चार तासांवर आहे आणि बाळ दोन रात्रींत जाऊ शकतं, तिथे मी ही चूक पत्करेन.

'लोकसहभाग' हा शब्द मात्र फलकांवर वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं, तेव्हा त्यांत दलित आणि निरक्षर बायका पुष्कळ होत्या. सहभागाचा अर्थ तिथे सतरंज्या उचलणं असा नव्हता. निदान आणि निर्णय त्यांच्या हातात होता.

घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचं काम २०११ पासून देशभर 'आशा' करतात. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात; घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. श्वास त्याच मोजतात. जेंटामायसिनची परवानगी मात्र २०१४ मध्ये मिळाली ती एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेला. गडचिरोलीतल्या ३९ गावांत जिने श्वास मोजले, तिच्याच हातात इंजेक्शनही होतं.