झेड ड्राईव्हमध्ये काहीच नाहीये सर!

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम कंपनीत बघा, सर्व्हरवरच्या फोल्डरला प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एक अक्षर दिलेलं असतं, डिझाईनवाल्यांना ड्रॉइंग झेड ड्राईव्हला दिसतं, क्वालिटीवाल्यांना तेच वाय ड्राईव्हला दिसतं आणि सातपूरच्या युनिटमधून फोन येतो की सर झेडमध्ये तर काहीच नाहीये. ड्राईव्हचं अक्षर ज्याच्या त्याच्या मशीनपुरतंच असतं, दुसऱ्याला सांगून उपयोग नाही. त्यात विंडोज सर्व्हरवरची फाईल मागतं एसएमबी प्रोटोकॉलने, म्हणजे मशीनांनी आपसात बोलायच्या एका ठरलेल्या पद्धतीने, आणि लिनक्स बहुतेक ठिकाणी एनएफएस या दुसऱ्या पद्धतीने, जे सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये आणलं. सांबा नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमुळे लिनक्स सर्व्हर विंडोजशी बोलतो खरा, पण फाईली चार-पाच सर्व्हरवर विखुरलेल्या असल्या की शोधाशोध चालूच.

माझं ठाम मत आहे की फाईल कुठल्या मशीनवर पडलीये हे काम करणाऱ्याला माहीत असायची गरजच नाही. यासाठी ग्लोबल नेमस्पेस असतो, म्हणजे फाईल कुठल्याही सर्व्हरवर असो, सगळ्यांना तिचा पाथ (पत्ता) एकच दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या डीएफएस या सोयीमध्ये तुमचा कॉम्प्युटर आधी नेमस्पेस सर्व्हरला विचारतो की डिझाईनखालचं ड्रॉइंग फोल्डर कुठंय, तो सांगतो अमुक सर्व्हरच्या तमुक शेअरमध्ये (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरमध्ये), याला रेफरल म्हणतात, आणि मग तुमचा कॉम्प्युटर थेट तिकडे जातो. फाईलचा डेटा नेमस्पेस सर्व्हरमधून जातच नाही, म्हणून त्याच्यावर लोड फार कमी येतो. खरी मजा जुना सर्व्हर बदलताना आहे, डेटा कॉपी करा, नेमस्पेसमधली एक नोंद बदला, लोकांचा पाथ तोच राहतो आणि एक्सेलमधल्या लिंकाही तुटत नाहीत. फक्त फोल्डरचा रेफरल कॉम्प्युटर साधारण 1800 सेकंद लक्षात ठेवतो, त्यामुळे जुना सर्व्हर लगेच बंद करू नका, त्याच्यावर लिहायची परवानगी मात्र कॉपी करायच्या आधीच काढा, नाहीतर त्या अर्ध्या तासात कुणाचं तरी काम जुन्याच जागी सेव्ह होतं.

लिनक्सकडे हेच काम ऑटोमाउंटर करतो, म्हणजे फोल्डर उघडलं की योग्य सर्व्हर आपोआप जोडून देणारा प्रोग्रॅम, एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत रेफरलपण आहेत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने तर 1980 च्या दशकातच एएफएस नावाची अशीच फाईल सिस्टिम बनवली, कुठूनही बघा पाथ एकच.

अवघड भाग परवानग्यांचा. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत नेहमीच्या सेटिंगला क्लायंट मशीन जो युजर नंबर सांगेल त्यावर सर्व्हर विश्वास ठेवतो. सातपूरला 1001 नंबर स्टोअरवाल्याचा आणि अंबडला तोच अकाउंटंटचा असेल, तर पगाराची शीट स्टोअरमध्ये उघडेल! विंडोजमध्ये युजरची ओळख परत वेगळीच, एसआयडी नावाचा लांबलचक नंबर. म्हणून आधी सगळ्या युजरची यादी एलडीएपी किंवा मायक्रोसॉफ्टची अॅक्टिव्ह डिरेक्टरी अशा युजरच्या सामाईक नोंदवहीत एका जागी आणा आणि मगच पाथ एक करायला घ्या.