ऑतर म्हणजे 'सगळं एकट्याने' नव्हे

कुडाळ-मालवणकडची मुलं मोबाइलवर लघुपट काढतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण श्रेयनामावलीत लेखन, छायाचित्रण, संकलन, संगीत, दिग्दर्शन, सगळीकडे एकच नाव! का, तर 'ऑतर (म्हणजे लेखकासारखा चित्रपटाचा खरा कर्ता मानला जाणारा) दिग्दर्शक सगळं स्वतःच करतो, सत्यजित राय करायचे तसं.' हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी गुणी मुलं सोबतीला मुकतात.

१९५४ साली फ्रान्स्वा त्रूफो या फ्रेंच समीक्षकाने, जो पुढे दिग्दर्शक झाला, 'काहिए द्यु सिनेमा' या चित्रपटविषयक मासिकात लिहिलेल्या लेखाने ऑतरच्या विचाराला धार आली. दिग्दर्शकाने पटकथा नुसती पडद्यावर उतरवू नये, चित्रपटावर त्याच्या दृष्टीची मोहोर हवी, असा तो आग्रह. कामं किती केली, याचा त्याच्याशी संबंध नाही. त्रूफोने आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपटही मार्सेल मूसीबरोबर लिहिला.

आता राय. 'अपराजितो'मधलं काशीचं घर स्टुडिओत उभारलेलं होतं. वरून येणारा अंगणातला मऊ उजेड हवा, म्हणून छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्यावर मारून परतलेला प्रकाश वापरला. सावल्या विरघळल्या. आपण ज्याला 'रायशैली' म्हणतो, तिच्यात हे कापडही आहे. संगीत रविशंकरांचं.

१९६४च्या 'चारुलता'पासून राय कॅमेरा स्वतः चालवू लागले, हे खरं. पण तिथेही छायाचित्रकार सुब्रत मित्राच होते आणि कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्तांचं.