ओळखीचे शब्द, सरकलेले अर्थ : मराठी विज्ञान-परिभाषेची पार्श्वभूमी

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाच्या हातात हिंदीतले विज्ञानाचे पुस्तक दिले, की तो अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांना जास्त अडखळतो. मराठीत ‘अणू’ म्हणजे ॲटम आणि ‘रेणू’ म्हणजे मॉलेक्यूल. हिंदीत ॲटमला ‘परमाणु’ म्हणतात आणि ‘अणु’ म्हणजे मॉलेक्यूल. ‘पाण्याच्या एका अणूत हायड्रोजनचे दोन परमाणू असतात’ हे विधान हिंदी परिभाषेत बिनचूक, मराठीत चूक. दोन्ही भाषांनी हे शब्द एकाच ठिकाणाहून उचलले. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात परमाणू हा अविभाज्य कण, दोन परमाणूंचे एक द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचा एक त्रसरेणू, म्हणजे झरोक्यातल्या उन्हात तरंगताना दिसणारा धुळीचा कण, अशी चढती मांडणी आहे. त्या शिडीची कुठली पायरी कशाला द्यायची, हे प्रत्येक भाषेने आपापले ठरवले.

खुद्द ‘विज्ञान’ शब्दाचेही तसेच झाले. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश सांगतो, ‘मोक्षे धीर्ज्ञानमन्यत्र विज्ञानं शिल्पशास्त्रयोः’. मोक्षाकडे वळलेली बुद्धी ते ज्ञान. शिल्पात आणि शास्त्रांत चालणारी ते विज्ञान. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातही ‘येर प्रपंचु हें विज्ञान’ (बाकीचा प्रपंच ते विज्ञान) अशीच वाटणी आहे. बौद्ध दर्शनात मात्र विज्ञान म्हणजे जाणीव, माणूस ज्या पाच स्कंधांचा, म्हणजे घटकांचा, बनलेला मानतात त्यांपैकी एक. म्हणून जुन्या ग्रंथात हा शब्द दिसला की लगेच प्रयोगशाळा आठवू नये. अमरकोशातला अर्थ आजच्या अर्थाच्या सर्वांत जवळचा, पण निरीक्षणाने आणि प्रयोगाने पडताळून पाहण्याची अट त्यातही नाही. ती अट या शब्दाला अलीकडे, गेल्या दोनशे वर्षांत लागली.

युरोपातही हे उशिराच घडले. ‘सायन्स’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ नुसता ‘जाणणे’. मध्ययुगात ईश्वरशास्त्रही त्यात मोडत असे. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथाच्या नावात ‘नैसर्गिक तत्त्वज्ञान’ असे शब्द वापरले आहेत. ‘सायंटिस्ट’ हा शब्द विल्यम ह्यूएल यांनी १८३३ मध्ये सुचवला. ॲनोड, कॅथोड आणि आयन हे शब्द निवडताना फॅरेडेने सल्ला घेतला तोही त्यांचाच. ‘बायोलॉजी’ हे नाव जीवसृष्टीच्या एकत्रित अभ्यासासाठी १८०२ मध्ये लामार्क आणि ट्रेव्हिरानुस या दोघांनी स्वतंत्रपणे वापरले. मराठीत नव्या विद्यांचे लेखन सुरू झाले त्याच सुमाराला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ हे मासिक १८४० चे. म्हणजे मराठी लेखक ज्यांची भाषांतरे करत होते, ते शब्द मूळ भाषांतही नुकतेच स्थिरावत होते. आपण फार मागून निघालो असा समज असतो, तो या बाबतीत खरा नाही.

शाखांच्या नावांत ‘शास्त्र’ की ‘विज्ञान’ हा वाद मात्र खास आपला. ‘शास्त्र’ हा शब्द ‘शास्’ धातूवरून, शिकवणे किंवा नियमन करणे या अर्थाचा. व्यवस्थित मांडलेली कोणतीही विद्या त्यात बसते: धर्मशास्त्र, पाकशास्त्र, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र. या ऐसपैसपणाचा त्रास सर्वांत जास्त झाला तो ज्योतिषाला. जुन्या ज्योतिषाचे सिद्धांत, संहिता आणि होरा (फलज्योतिष) असे तीन स्कंध, म्हणजे विभाग, होते आणि ग्रहगणित पहिल्यात येई. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ चा ग्रंथ प्रामुख्याने ग्रहगणिताचा, म्हणजे खगोलविद्येचा इतिहास आहे. आज नुसते नाव वाचणारा तो भविष्याच्या कपाटात ठेवील. पुढे ‘ज्योतिष’ फलज्योतिषाकडे गेले आणि आकाशाच्या अभ्यासाला ‘खगोलशास्त्र’ हे वेगळे नाव घ्यावे लागले. आज साधारण रूढी अशी, की एकूण पद्धतीला ‘विज्ञान’ म्हणावे आणि शाखेला ‘शास्त्र’. पदार्थविज्ञानासारखे अपवाद रुळले आहेत, ते मोडण्यात अर्थ नाही.

तिसरा मार्ग ‘-की’ प्रत्ययाचा: भौतिकी, यामिकी, सांख्यिकी, अभियांत्रिकी. हा प्रत्यय नवा वाटतो, पण कौटिल्याने विद्यांची यादी दिली तिची सुरुवातच ‘आन्वीक्षिकी’ने, म्हणजे तर्कविद्येने, होते. त्याचा मोठा फायदा म्हणजे त्यापासून पुढचे शब्द आटोपशीर होतात. ‘पुंजयामिकी’ (क्वांटम मेकॅनिक्स) एका दमात म्हणता येते. मोजण्याच्या विद्यांना ‘-मिती’ मिळाले, भूमिती आणि त्रिकोणमिती. उपकरणांना ‘-मापी’ आणि ‘-दर्शी’. ही रचना कळली, की अनोळखी शब्द फोडून वाचता येतो: ‘अवरक्त’ म्हणजे वर्णपटात लाल रंगाच्या खालचे प्रारण (रेडिएशन), ‘श्राव्यातीत’ म्हणजे सुमारे २०,००० हर्ट्‌झपेक्षा जास्त वारंवारतेमुळे कानाला न कळणारा ध्वनी. ‘स्वनातीत’ त्याहून निराळा. तो वेगाविषयीचा शब्द आहे, ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानासाठी. बातम्यांत या दोघांची अदलाबदल होते.

संघटित काम विसाव्या शतकातले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९०६ मध्ये हिंदीचा वैज्ञानिक कोश काढला. कोशकार डॉ. रघुवीर यांनी तर मूलद्रव्यांनाही संस्कृत नावे दिली: ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, नायट्रोजनला भूयाति, कार्बनला प्रांगार. त्यामागची भाषिक मेहनत अफाट होती. तरी ती टिकली नाहीत, कारण जगभर समीकरणे रोमन चिन्हांत लिहिली जातात आणि नाव चिन्हापासून तुटले की विद्यार्थ्याला दोन याद्या पाठ कराव्या लागतात. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने मधली वाट धरली. मूलद्रव्ये, एकके, व्यक्तिनामांवरून आलेले व्होल्टसारखे शब्द आणि वनस्पती-प्राण्यांची द्विनामे (दोन शब्दांची शास्त्रीय नावे) आंतरराष्ट्रीय ठेवायची. संकल्पना भाषांतरित करायच्या. महाराष्ट्रात भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशाचा १९७३ चा परिभाषा संग्रह यांनी मराठीची घडी बसवली.

मूलद्रव्यांची जुनी मराठी नावे शेतीत मात्र पक्की राहिली: नत्र, स्फुरद, पालाश. इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असे छापलेले असते तेव्हा पहिला आकडा मूलद्रव्य नायट्रोजनचा, पण पुढचे दोन फॉस्फरस पेंटॉक्साइड आणि पोटॅशियम ऑक्साइड या स्वरूपात मोजलेले असतात. मूलद्रव्य फॉस्फरस काढायला ०.४४ ने आणि पोटॅशियम काढायला ०.८३ ने गुणावे लागते. २६ टक्के ‘स्फुरद’ म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ११ टक्के फॉस्फरस. माती परीक्षणाचा अहवाल मूलद्रव्यात असेल आणि पोत्याचा आकडा तसाच वापरला, तर स्फुरदाची मात्रा निम्म्याहून कमी पडते.

रोजच्या भाषेतून आलेले शब्दही असेच बाधतात. ‘शक्ती’ बोलण्यात ताकद, जोर, ऊर्जा सगळ्यांना चालतो. परिभाषेत बल न्यूटनमध्ये, ऊर्जा ज्यूलमध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मोजतात. शक्ती म्हणजे ऊर्जा खर्च होण्याचा दर. विजेचे एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, ही ३६ लाख ज्यूल ऊर्जा आहे. तिला शक्ती म्हटले की गणित बिघडलेच. ‘सिद्धांत’ शब्दाचा घोटाळा याहून खोल जातो. सिद्ध आणि अंत, म्हणजे शेवटी ठरलेला निष्कर्ष, हा त्याचा जुना अर्थ. आपण तो ‘थिअरी’साठी वापरतो, तिला मात्र नव्या पुराव्यापुढे पुन्हा उभे राहावेच लागते. गणितातल्या ‘थिअरम’ला ‘प्रमेय’ असा वेगळा शब्द आहे, तो तिथे कटाक्षाने वापरावा. ‘गृहीतक’वरही दुहेरी भार आहे. भूमितीत ते सिद्धतेशिवाय मान्य करायचे असते, विज्ञानात तपासून पाहायचे. दुसऱ्या अर्थासाठी ‘परिकल्पना’ लिहिले तर वाचकाची फसगत टळते.

आणि शेवटी ‘क्षार’. आयुर्वेदात वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून काढलेला अल्कधर्मी पदार्थ म्हणजे क्षार, आणि हिंदीने तोच अर्थ पुढे चालवला. तिथे क्षार म्हणजे अल्कली आणि मीठवर्गीय पदार्थ म्हणजे लवण. मराठी पाठ्यपुस्तकांत आम्ल, आम्लारी (बेस) आणि क्षार असे त्रिकूट आहे. इथे क्षार म्हणजे सॉल्ट. म्हणून हिंदीतली ‘क्षारीय’ जमीन आणि मराठीतली ‘क्षारयुक्त’ जमीन या दोन वेगळ्या जमिनी आहेत. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात, विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत. निचऱ्याची सोय करून गोड्या पाण्याने ते क्षार धुऊन काढणे हा तिचा उपाय. हिंदीतल्या ‘क्षारीय’ला मराठीत ‘चोपण’ हा शब्द आहे. तिथे सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेले पण बदलता येणारे, सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असते. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. अशा जमिनीला आधी जिप्सम द्यावे लागते. त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि मगच सुटलेला सोडियम पाण्याने खाली वाहून जातो. हिंदी पत्रकातले ‘क्षारीय’ मराठीत ‘क्षारयुक्त’ झाले, तर जिप्सम वगळून नुसते पाणी सोडले जाईल आणि ते वरच तुंबून राहील.